'सिमर' म्हणजे नेमकं काय? नुसतं 'मंद आचेवर' लिहून भागतं का?

शेगडीवाली

मी तालुक्याच्या गावी आयटीआयमध्ये फूड प्रोडक्शन शिकवते. मुलं मराठी माध्यमातून आलेली आणि पुस्तकं इंग्रजीत, म्हणून कृतींच्या मराठी टिपा मीच काढून देते. बॉइल, फ्राय, रोस्ट, स्टीम यांचं काही अडत नाही. अडतं ते सिमरपाशी. जिथं तिथं त्याचं मराठी 'मंद आचेवर शिजवा' असं केलेलं असतं आणि मला ते मुळीच पटत नाही.

मंद आच ही शेगडीची गोष्ट झाली. सिमर ही पातेल्यातल्या पाण्याची अवस्था आहे. पाणी साधारण ८५ ते ९६ अंशांच्या मध्ये असतं, कडेनं बारीक बुडबुडे वर येत राहतात, मधूनच एखादा मोठा फुटतो, वरचा थर हलत राहतो पण खळखळत नाही. वीस लिटरच्या पातेल्यात ही अवस्था टिकवायची तर आच बऱ्यापैकी मोठीच लागते. उलट लहानशा पातेलीत दोन वाट्या सार असेल तर सगळ्यात बारीक आचेवरही ते भसाभसा उकळतं. म्हणजे मुलांनी सांगितलेली आच तंतोतंत पाळली तरी पदार्थ बिघडू शकतो.

परवा प्रॅक्टिकलला चिकनचा व्हाइट स्टॉक (हाडं न भाजता, पाण्यात हळू शिजवून काढलेलं नितळ पाणी) होता. एका गटानं नॉब शेवटपर्यंत फिरवला, वर घट्ट झाकण ठेवलं आणि गाजर-कांदा चिरायला बसले. झाकण उघडलं तेव्हा आत धबधबा उकळत होतं. चरबी पाण्यात घोटली गेली होती आणि स्टॉक दुधट, गढूळ झाला होता. मुलं म्हणाली, "मॅडम, गॅस तर मंदच आहे." त्यांचं काय चुकलं? टिपेत लिहिलं होतं तेच त्यांनी केलं.

तर प्रश्न असा: टिपेत काय लिहू? रटरटणे? खदखदणे? कढ? तुमच्या घरात कुठला शब्द आहे आणि तो ऐकल्यावर तुम्हाला पातेल्यात नेमकं काय दिसतं, तेही सांगा. मला ते दिसणंच हवं आहे.

चहाबाज

आमच्या घरात 'गॅस सिम कर' एवढंच म्हणतात. आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना कळतं. 😀

शेगडीवाली

@चहाबाज, सगळा घोळ तिथंच आहे! नॉबवर 'सिम' छापलंय, ते सिमरचंच छोटं रूप. पण आपल्याकडे 'सिम' म्हणजे 'बारीक' असा अर्थ पक्का बसला. तव्यावरची पोळीसुद्धा आपण सिमवर भाजतो. पोळी कुठली सिमर होणार, तिच्यात पाणीच नाही.

आजीचा_बटवा

आमच्या घरी चुलीला वैल होता. शहरातल्या मुलांसाठी सांगते. मुख्य चुलीच्या बाजूला लहान तोंड असतं, आतून धग तिकडं जाते, पण खाली जाळ नसतो. पहिली उकळी चुलीवर काढायची आणि पातेलं उचलून वैलावर सरकवायचं. आमटी, सार, दूध, अंघोळीच्या आधीचं पाणी, सगळं तिथं. वैलावर काही भसाभसा उकळायचंच नाही, त्यामुळे उतू जायची भीती नाही आणि हात रिकामे राहायचे.

चुलीवरच ठेवायचं असेल तर सासूबाई म्हणायच्या, "आमटी बोलायला लागली की लाकूड मागं ओढ." बोलायला लागली म्हणजे रटरट आवाज यायला लागला. पुढं ती बोलत राहिली पाहिजे, ओरडता कामा नये. नॉब नव्हता तेव्हा लक्ष भांड्याकडेच असायचं. तेव्हा माझं मत रटरटण्याला.

गुळपोळी

वा, बटवाताई! आमच्याकडे त्याला अवेल म्हणायचे. गोष्ट तीच.

शब्दवेल्हाळ

सिमर हा शब्दही आवाजावरूनच आलेला असावा असं मानतात. आधी इंग्रजीत 'सिंपर' असं रूप होतं, पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून सापडतं. सतराव्या शतकाच्या मध्यापासून 'सिमर' रूढ झालं. म्हणजे तिकडच्या बायकांनाही भांडं ऐकूनच कळत होतं.

मराठीत तर आवाजांची चंगळ आहे. पातळ पदार्थ रटरटतो, दाट पदार्थ फदफदतो (पिठलं, खीर, आंबील), भरपूर पाणी खळखळतं आणि उष्णता पुरेपूर चढली की खदखदतं. खदखदणं मला फुल बॉइलच्या जवळचं वाटतं. त्यामुळे सिमरला रटरटणे, आणि दाट असेल तर फदफदणे.

तरी माझं मत: टिपेत 'सिमर' हाच शब्द ठेवा. मुलांना उद्या मुंबई-पुण्याच्या हॉटेलात शेफ 'सिमर' म्हणूनच ओरडणार आहे.

तांबडापांढरा

शब्दवेल्हाळ सर, रटरटणे आमच्या कोल्हापुरात जोरात उकळण्याला म्हणतात. "मटण रटारटा शिजतंय" म्हणजे झाकण उडायला लागलंय. त्यामुळे हा शब्द टिपेत गेला तर आमच्याकडची पोरं पुन्हा तेच करणार.

आता मूळ मुद्द्यावर येतो. अळणी पाणी. मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून, तिखट न घालता शिजवायचं आणि ते पाणी बाजूला काढायचं. तांबडा आणि पांढरा दोन्ही रस्से त्याच्यावर उभे राहतात. हे पाणी जोरात उकळलं की गढूळ होतं आणि मटण चिवट लागतं. हळू शिजलं तर पाणी नितळ, वर तुपाचे स्वच्छ थेंब, आणि बोटाला जरासं चिकटतं. आमचे आचारी त्याला कुठलाच खास शब्द वापरत नाहीत. "पाणी हलू दे, नाचू नको दे" असं म्हणतात.

पांढऱ्यात नारळाचं दूध गेलं की मग तेही नाही. नुसतं गरम करायचं, उकळी आली की रस्सा फाटला.

अंशतः_ढगाळ

मी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे राहवत नाही.

पाणी एकदा उकळायला लागलं की त्याचं तापमान वाढत नाही. समुद्रसपाटीला १०० अंश म्हणजे १०० अंशच, गॅस कितीही मोठा करा. जास्तीची सगळी उष्णता वाफ करण्यात जाते. एक लिटर पाणी ३० अंशांवरून १०० वर न्यायला सुमारे २९३ किलोज्यूल लागतात आणि तेवढंच पाणी पूर्ण वाफ करायला सुमारे २२५७. जवळजवळ आठपट. म्हणजे खळखळून उकळलं म्हणून डाळ लवकर शिजत नाही, फक्त सिलिंडर लवकर संपतो. उकळी आल्यावर आच कमी करा असं पीसीआरए (इंधन बचतीचा प्रचार करणारी सरकारी संस्था) कित्येक वर्षं सांगत आली आहे, ते याचसाठी.

मटणाचं तांबडापांढरा यांनी बरोबर सांगितलं. मांसातलं चिवट प्रथिन, कोलॅजन, हळूहळू विरघळून जिलेटिन होतं, बोटाला चिकटतं ते हेच. त्याला वेळ लागतो, धुसमुसळेपणा लागत नाही. जोरदार उकळीत मात्र स्नायूंचे धागे आवळून रस बाहेर ढकलतात आणि हिंदकळण्यानं चरबीचे बारीक थेंब पाण्यात मिसळून बसतात. शेगडीवाली यांचा दुधट स्टॉक तो हाच.

आणि आवाजाबद्दल: पाणी सगळ्यात जास्त आवाज करतं ते उकळायच्या जरा आधी. तळाशी वाफेचे बुडबुडे तयार होतात, वरच्या कमी गरम पाण्यात आले की फुटून मिटतात, त्याची ती सूंऽऽ. पूर्ण उकळी आली की तो सूर उतरतो आणि खळखळ सुरू होते. किटलीशेजारी उभं राहून ऐका, फरक लगेच कळतो.

आजीचा_बटवा

आधण गातंय असं आई म्हणायची ते हेच! तांदूळ वैरायला ती सूं बंद व्हायची वाट बघायची.

दिल्लीकर_मराठी

ताकाच्या कढीचं कुणी बोललंच नाही. तिला कढ येऊ द्यायचा, उकळू द्यायची नाही, नाहीतर फुटते. मराठी घरात सिमर शिकवायला याहून चांगला पदार्थ नाही.

पण इथं शेजारी पंजाबी कुटुंब आहे. त्या आंटी कढी तासभर सरळ उकळवतात आणि ती फुटत नाही! मी आधी थक्क झाले होते. त्यांच्या कढीत बेसन आपल्या दुप्पट-तिप्पट असतं आणि पहिली उकळी येईपर्यंत त्या डाव थांबवतच नाहीत.

गुळपोळी

दिल्लीकर, उकळवलेली कढी म्हणजे पातळ पिठलं. माफ करा, पण आमच्याकडे असंच म्हणतील. 😄

दिल्लीकर_मराठी

एकदा खाऊन बघ गं. वरून लाल मिरचीची फोडणी, आत भजी. मी दोन्ही करते आणि दोन्ही आवडीनं खाते.

अंशतः_ढगाळ

ताकातली प्रथिनं आंबटपणामुळे आधीच एकमेकांना चिकटायच्या बेतात असतात. उष्णता जास्त झाली की त्यांच्या गाठी होतात आणि पाणी वेगळं पडतं. बेसनातला स्टार्च फुगून त्यांच्यामध्ये येतो. बेसन भरपूर असेल तर उकळी सोसते, चमचाभरच असेल तर नाही. दोन्ही घरांचं बरोबर आहे.

मिस्त्री_गॅसवाला

मी शेगड्या दुरुस्त करतो, बावीस-एक वर्षं झाली असतील. एक गोष्ट सांगतो, कुणी सांगत नाही.

सगळ्या शेगड्यांचं सिम सारखं नसतं. नॉब ओढून काढला की कॉकच्या दांडीशेजारी, काही मॉडेलला दांडीच्या आत, एक बारीक स्क्रू असतो. सिमला किती गॅस जायचा ते तो ठरवतो. बऱ्याच घरी तो कधीच बसवलेला नसतो. मग एका घरी सिम म्हणजे मध्यम आच असते आणि दुसऱ्या घरी वारा आला की विझते. सिलिंडरवरून पाइपच्या गॅसवर आलात तर जेट (गॅस जिथून सुटतो ते बारीक भोकाचं तोंड) बदलावी लागते, कारण पाइपच्या गॅसचा दाब कमी आणि उष्णताही कमी. तेव्हा हा स्क्रूही परत बघावा लागतो. जेट बदलून माणूस निघून जातो, सिम कुणी बघत नाही. मग ताई फोन करून सांगतात की खीर खाली लागते.

तर मॅडमचं बरोबर आहे. नॉबवर काय लिहिलंय त्यावर जाऊ नका.

स्वतः स्क्रू फिरवू नका, माहितगार माणूस बोलवा. काम झाल्यावर साबणाचा फेस लावून गळती बघायला सांगा.

शेगडीवाली

मिस्त्रीदादा, हे आमच्या वर्कशॉपसाठी सोन्यासारखं आहे. आमच्या सहा शेगड्यांपैकी दोनच्या सिममध्ये खूप फरक आहे आणि मुलं त्यावरून भांडतात. उद्याच बघून घेते.

नवा_ओटा

इंडक्शनवर तर वेगळंच. माझ्या शेगडीला सगळ्यात खालचा आकडा दिला तरी ती सलग बारीक चालत नाही. काही सेकंद जोरात चालते, काही सेकंद बंद. दूध उसळतं, बसतं, उसळतं, बसतं. याला सिमर म्हणायचं का?

अंशतः_ढगाळ

बऱ्याच स्वस्त इंडक्शन शेगड्या कमी पॉवर अशीच चालू-बंद करून देतात. जाड बुडाचं भांडं घ्या, ते मधली उष्णता धरून ठेवतं. आणि पदार्थ थोडा जास्त प्रमाणात करा, पाणी जास्त असेल तर झटका कमी बसतो.

वाडीची_बासुंदी

गॅसवाल्यांनी खाली जाड लोखंडी तवा ठेवावा, त्यावर पातेलं. उष्णता पसरते. माझी बासुंदी अशीच होते. आम्ही नृसिंहवाडीजवळचे, बासुंदीबद्दल बोललो नाही तर पाप लागेल.

दूध उकळून वर आलं की आच अशी धरायची की मध्यभागी दूध जरा जरा फुगत राहील आणि कडेला साय धरेल. ती साय दर दोन-तीन मिनिटांनी डावानं सोडवून आत ढकलायची. फार उकळलं तर साय धरतच नाही आणि बासुंदी नुसती आटलेल्या दुधासारखी लागते. फार मंद केलं तर दिवस जातो. आम्ही म्हणतो 'दूध श्वास घेत राहिलं पाहिजे'.

चहाबाज

आणि अमृततुल्य? पितळेच्या पातेल्यात दिवसभर चहा उकळत असतो तो सिमर की बॉइल? 😋

तांबडापांढरा

तो तिसराच प्रकार. त्याला 'थांब, ताजा टाकतो' म्हणतात. 😂

मिशिगनची_माई

इथं थंडीत स्लो कुकर (तासन्‌तास कमी उष्णतेवर शिजवणारं विजेचं भांडं) सगळ्यांकडे असतो, म्हणून एक गंभीर गोष्ट सांगते. विनोद चाललेत, पण हे वाचाच.

राजमा कधीही कच्चा सरळ स्लो कुकरमध्ये टाकू नका. लाल राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक विषारी प्रथिन, असतं. चार-पाच दाणे नीट न शिजलेले खाल्ले तरी काही तासांत उलट्या सुरू होऊ शकतात. ते नष्ट व्हायला खरीखुरी उकळी लागते. भिजवलेलं पाणी फेकून नव्या पाण्यात किमान १० मिनिटं खळखळून उकळायचा, अमेरिकेची एफडीए (तिथलं अन्न-औषध प्रशासन) तर ३० मिनिटं म्हणते. ८० अंशांच्या आसपास नुसता गरम होत राहिला तर त्याचा विषारीपणा कच्च्यापेक्षाही वाढू शकतो. बरेच स्लो कुकर तितकेच तापतात. आमच्या मंडळाच्या सहलीला एकीनं रात्रभर स्लो कुकरमध्ये राजमा ठेवला होता. दाणे बाहेरून मऊ दिसत होते. पुढचं सांगत नाही.

तर शेगडीवाली, टिपेत आधी 'उकळी' आणि मग 'सिमर' अशा दोन वेगळ्या पायऱ्या ठळक लिहा. 'मंद आचेवर शिजवा' या तीन शब्दांत पहिली पायरी गायब होते.

शेगडीवाली

माई, हे राजम्याचं मी वेगळ्या चौकटीत देणार. फार महत्त्वाचं आहे. प्रेशर कुकर वापरणाऱ्यांना हा धोका नाही, पण माझी मुलं उद्या कुठल्याही किचनमध्ये जातील.

नुसता_वाचक

कुकरचा विषय निघाला म्हणून विचारतो. पहिली शिट्टी झाली की आई 'सिमवर ठेव' म्हणते. आत काय असतं, सिमर?

अंशतः_ढगाळ

नाही. कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत जातं. सिमवर आपण फक्त तो दाब टिकवत असतो. गंमत अशी की दाब स्थिर असेल तर आतलं पाणी फारसं खळखळत नाही, त्यामुळे कुकरमधलं अळणी पाणीही बऱ्यापैकी नितळ निघू शकतं. मात्र शिट्टी उचलून घाईनं वाफ सोडली की दाब एकदम पडतो आणि आतलं सगळं जोरात उकळून गढूळ होतं. कुकर आपोआप थंड होऊ द्या.

बर्फाळ_सुभेदार

फौजेतून निवृत्त. लेहला पोस्टिंग होतं, तिथला अनुभव.

लेह साधारण ३५०० मीटरवर. तिथं पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. भांड्यात खळखळ बघून नवा जवान म्हणायचा डाळ झाली. डाळ कसली होते, दाणे कडक. आमचा लंगरचा उस्ताद प्रेशर कुकरशिवाय डाळीला हात लावत नसे. मॅडमनी वर सिमरला ८५ ते ९६ अंश लिहिलंय, त्या हिशेबानं लेहची खळखळती उकळी म्हणजे मुंबईचा सिमर. तेव्हा फक्त आकड्यावर जाऊ नये आणि फक्त बुडबुड्यांवरही जाऊ नये. आपण कुठं उभे आहोत ते बघावं.

अंशतः_ढगाळ

सुभेदार साहेब, सलाम. उंची दर ३०० मीटर वाढली की उत्कलनबिंदू साधारण एक अंश उतरतो. पुण्यात ९८ च्या आसपास, महाबळेश्वरात ९५-९६. म्हणजे महाबळेश्वरला ९६ अंशांचा सिमर करायला गेलात तर पूर्ण उकळीच येईल. आकड्यापेक्षा 'उकळीच्या जरासं खाली' हे जास्त खरं.

शब्दवेल्हाळ

थोडं अवांतर. वर्तमानपत्रात 'असंतोष खदखदतो आहे' असं येतं, आणि इंग्रजीतही तिथं सिमरच वापरतात. म्हणजे मनातल्या रागाला दोन्ही भाषांत चुलीवरचाच शब्द लागतो. आत तापलेलं आहे, अजून बाहेर सांडलेलं नाही. या अर्थानं खदखद सिमरच्या जवळ जाते, स्वयंपाकात मात्र नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची. त्यात असे ध्वनीवरून आलेले शब्द चाळत बसलं तर संध्याकाळ जाते.

तांबडापांढरा

अवांतर नाही हो सर, मुद्द्याचंच आहे. रटरटण्याचा अर्थ इथून साठ मैलांवर बदलतो, खदखदण्याचा घरातून रस्त्यावर आला की बदलतो. मॅडमच्या टिपेत आवाजाचा शब्द एकटा टाकून चालणार नाही.

गुळपोळी

'मंद आच'च्या जागी 'मंद उकळी' लिहिलं तर?

आजीचा_बटवा

गुळपोळी, शाब्बास. 'बारीक उकळी' आम्ही म्हणतोच की. "साराला बारीक उकळी असू दे."

शेगडीवाली

अरे! मंद उकळी. एक शब्द बदलला आणि नजर शेगडीवरून उठून पातेल्यावर गेली. मला हेच हवं होतं.

शब्दवेल्हाळ

थोडी शंका. उकळी म्हणजे बॉइलच ना? 'मंद उकळी' वाचून कुणी 'हळूहळू उकळी आणा' असं समजेल. उकळी येण्याचा वेग आणि उकळीचा जोर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वाडीची_बासुंदी

'मंद उकळीवर ठेवा' असं लिहा. 'आणा' नाही, 'ठेवा'. मग शंका राहत नाही.

शेगडीवाली

सगळ्यांचं वाचून असा मजकूर केला आहे, बघा:

"पाण्याला एकदा पूर्ण उकळी येऊ द्या. आता झाकण काढा किंवा तिरकं ठेवा आणि आच कमी करत जा, खळखळ थांबेपर्यंत. कडेनं बारीक बुडबुडे येत राहिले पाहिजेत, मध्ये एखादाच मोठा फुटला पाहिजे. याला सिमर म्हणतात. पदार्थ या मंद उकळीवर ठेवा. नॉब कुठं आहे ते बघू नका, पातेल्यात बघा. बुडबुडे थांबले तर आच थोडी वाढवा, खळखळ सुरू झाली तर कमी करा. दर पाच मिनिटांनी बघा."

खाली स्टॉकसाठी वेगळी ओळ: हाडं थंड पाण्यात घालून सुरुवात करायची, वर येणारा फेस काढत राहायचा, चिकनला दोन ते तीन तास, मोठ्या हाडांना सहा ते आठ. राजम्याची चौकट वेगळी.

'सिमर' शब्द ठेवला आहे, कारण परीक्षेत आणि हॉटेलात तोच येणार. पण पहिल्या वेळी त्याच्या सोबत हे चित्र द्यायचं.

नवा_ओटा

झाकणाचं कळलं नाही. झाकण का काढायचं?

अंशतः_ढगाळ

उघड्या पातेल्यातून वाफेबरोबर बरीच उष्णता निघून जाते. झाकण घट्ट लावलं की ती आतच राहते, आणि तेवढ्याच आचेवर मंद उकळीची जोरदार उकळी होते. पहिल्या पोस्टमधल्या मुलांचं नेमकं हेच झालं. झाकण ठेवायचंच असेल तर आच आणखी कमी करावी लागते.

बर्फाळ_सुभेदार

मजकूर उत्तम. 'पातेल्यात बघा' हे ठळक अक्षरात छापा.

चहाबाज

आता 'पोच'चं मराठी सांगा. अंड्याचं.

शेगडीवाली

चहाबाज, ते सिमरच्याही खाली, ७० ते ८० अंश, बुडबुडे जवळजवळ नाहीतच. आपल्याकडे त्या अवस्थेला शब्द मला सापडलेला नाही. त्यासाठी वेगळा धागा काढते, नाहीतर इथं सगळी सरमिसळ होईल.

तांबडापांढरा

मॅडम, जाता जाता एक. आमच्याकडे कार्याला दीडशे माणसांचं अळणी पाणी भगुण्यात करतात. तिथं तुमचा नियम कसा लावायचा? तळाशी उकळतंय आणि वर थंड, असं होतं.

शेगडीवाली

मोठ्या भांड्यात कड बघायची नाही, मध्य बघायचा. भगुणं चुलीवर असेल तर जाळ एकाच बाजूला करा. त्या बाजूला पाणी वर येईल, दुसरीकडून खाली जाईल, फेस आपोआप थंड बाजूला गोळा होईल आणि झाऱ्यानं काढायला सोपा जाईल. हॉटेलातल्या मोठ्या स्टॉकपॉटलाही बर्नरवर जरा सरकवून ठेवतात ते यासाठीच. आणि ढवळू नका. ढवळलं की सगळी मेहनत गढूळ.

तांबडापांढरा

एका बाजूला जाळ! आमचे आचारी भगुणं जरा तिरकं लावतात, मला वाटायचं जमीन उंचसखल म्हणून. रविवारी कार्य आहे, विचारून इथं लिहितो.